बिऱ्हाड टिकावे, घरमालकही टिकावा

(वऱ्हाडातील शहरांच्या निवासप्रश्नावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. स्वतःचे घर उभे करणे ही किती कसोटी पाहणारी गोष्ट आहे, हे त्या तीन शब्दांत आले. पण ज्यांना घर बांधता आले नाही, त्यांच्यासाठीही मराठी भाषेने एक जिव्हाळ्याचा शब्द राखून ठेवला. तो शब्द म्हणजे बिऱ्हाड. ‘भाडेकरू’ हा कायद्याच्या पुस्तकातला शब्द आहे, ‘बिऱ्हाडकरू’ हा वाड्यातला. भाडेकरूपाशी पावती असते. बिऱ्हाडकरूपाशी चूल असते, देव्हारा असतो, मुलांची जवळची शाळा असते, किराणा दुकानातले खाते असते आणि अडल्या वेळी हाक मारावी असा शेजार असतो. बिऱ्हाड उठते तेव्हा चार भिंतींबरोबर हे सारेच मोडते.

अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे बिऱ्हाडांनी वाढवली. कापसाचा व्यापार, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, कापडगिरण्या, रेल्वे, कचेऱ्या आणि शाळा-महाविद्यालये यांच्यामागे माणसे आली. अमरावतीच्या परकोटात, जवाहर गेट, अंबागेट, बुधवारा या भागांत आणि अकोल्यात मोर्णेकाठच्या जुन्या शहरात एकेका वाड्यात चार-चार, आठ-आठ कुटुंबे राहिली. पुढे अकोल्याच्या सावतराम आणि मोहता या गिरण्या बंद पडल्या, पण माणसे राहिली. २०११ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख आणि अकोल्याची सव्वाचार लाख नोंदली गेली. त्याच जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागातील सुमारे २७ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती आणि त्याच वेळी शहरांतील १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी होती. एकीकडे घराविना माणूस आणि दुसरीकडे माणसाविना घर, अशी ही विसंगती आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही, प्रसंगी तो प्राणांशी येऊन भिडतो. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावतीच्या प्रभात चौक परिसरातील एक जीर्ण इमारत कोसळली आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले. वर इमारत जीर्ण झालेली आणि खाली दुकान सुरू, असे ते चित्र होते. अशा वास्तू आजही दोन्ही शहरांच्या जुन्या भागांत उभ्या आहेत. मालक दुरुस्ती करत नाही, राहणारा जागा सोडत नाही आणि पालिका नोटीस देऊन मोकळी होते. तिघांपैकी कोणीही दुष्ट नसताना भिंत मात्र पडते.

यावर एक उपाय जगभर सुचवला जातो. नगरपालिकांनी किंवा महापालिकांनी भाड्याची घरे विकत घ्यावीत, म्हणजे भाडेकरूंना कोणी बाहेर काढू शकणार नाही, असा तो विचार आहे. तो ऐकायला सरळ वाटतो. परंतु तो आपल्या शहरांना कितपत मानवेल, याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

वऱ्हाडचा जुना अनुभव

शासनाने भाड्याच्या घरांत हात घालणे वऱ्हाडला नवे नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ‘सी. पी. अँड बेरार’ प्रांताचा घरभाडे नियंत्रण आदेश लागू झाला. फाळणीचे घाव ओले होते. सिंधमधून सर्वस्व सोडून आलेले बांधव विदर्भाच्या शहरांत निवारा शोधत होते. अमरावतीचा रामपुरी कॅम्प, अकोल्याचा सिंधी कॅम्प ही नावे त्या काळाची साक्ष देतात. त्या आदेशाने घरमालकावर दोन मोठी बंधने घातली. भाडेकरूला नोटीस देण्यापूर्वी त्याने भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी, हे पहिले. घर रिकामे झाले की त्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे आणि त्यांनी ते शासकीय सेवकाला, निर्वासिताला किंवा घरातून निघावे लागलेल्या माणसाला द्यावे, हे दुसरे. घर मालकाचेच राहिले, पण त्यात कोण राहणार हे ठरवण्याचा अधिकार बऱ्याच अंशी शासनाकडे गेला.

त्या दिवसांत हे आवश्यकच होते. देशबांधव उघड्यावर असताना कोणाच्याही माडीला कुलूप असणे हा सामाजिक अपराधच ठरला असता. परंतु संकटकाळासाठी केलेली व्यवस्था संकट सरल्यावरही राहिली. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी वऱ्हाडात हाच आदेश चालू होता. ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला, तेव्हा कुठे अर्ध्या शतकानंतर त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. पण मुळात भाडे ५० रुपये असेल, तर ४ टक्के म्हणजे २ रुपये. त्या दोन रुपयांत वाड्याचे एक कौलही बदलत नाही. गोठलेले भाडे कालबाह्य आणि अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९९७ रोजी मुंबई भाडे कायद्यासंबंधीच्या निकालात स्पष्ट म्हटले होते. तेव्हा घरमालक दुरुस्ती करत नाही, हा नेहमीच त्याचा लोभ नसतो. पुष्कळदा ती त्याची असमर्थता असते.

मुंबईने काय शिकवले

शासनाने भाड्याच्या इमारती ताब्यात घेण्याचा आपल्या राज्यातील सर्वांत मोठा प्रयोग मुंबईत झाला. भाडे गोठले, दुरुस्ती थांबली, इमारती कोसळू लागल्या. म्हणून १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि शहरातील १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी मंडळाने घेतली. तेही पुरेना, तेव्हा १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात ‘आठ-अ’ हे प्रकरण घालण्यात आले. इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था स्थापून मागणी केली, तर म्हाडाने ती इमारत संपादित करून त्यांना द्यावी, अशी ती तरतूद होती. मूळ कल्पना चांगली होती. राहणाराच मालक व्हावा आणि त्यानेच घर सांभाळावे, यात गैर काही नाही.

गोम होती ती मोबदल्यात. मालकाला मिळणार होते दरमहा भाड्याच्या शंभरपट. पन्नास रुपये भाड्याच्या खोलीचे झाले पाच हजार रुपये. अशा दहा खोल्यांच्या इमारतीचे पन्नास हजार, आणि तेही जमिनीसकट, मुंबईसारख्या शहरात! मालक न्यायालयात गेले, यात नवल नाही. खटला दशकानुदशके चालला. शेवटी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तत्त्वाचा निर्णय दिला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ख) मध्ये ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ असा शब्दप्रयोग आहे. प्रत्येक खाजगी मालमत्ता त्यात मोडते काय, हा प्रश्न होता. नऊपैकी सात न्यायमूर्तींच्या बहुमताने सांगितले की, तशी सरसकट मोडत नाही. काही मालमत्ता त्यात येऊ शकेल. पण ती वस्तू कोणत्या स्वरूपाची आहे, समाजाच्या हितावर तिचा काय परिणाम होतो, ती किती दुर्मीळ आहे आणि मोजक्यांच्या हाती एकवटल्याने काय घडते, हे पाहावे लागेल. वाड्याच्या मालकाला लुटारू ठरवून त्याचे घर नाममात्र किमतीत घेणे हा समाजवाद वाटेल, पण तो न्याय नव्हे, हाच त्याचा मथितार्थ.

दुसरा धडा बीडीडी चाळींचा. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. सरकारच मालक असल्याने तेथील कामगारांना कोणी सहजी उठवू शकले नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या दाटीने राहिल्या आणि चाळी जीर्ण होत गेल्या. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळायला ऑगस्ट २०२५ उजाडावा लागला. सरकारी मालकीने बिऱ्हाड टिकते, पण घर टिकतेच असे नाही.

परदेशातील उदाहरणे

युरोपचे दाखलेही तपासून घ्यावेत. व्हिएन्ना नगराने १९१९ ते १९३४ या काळात खास गृहनिर्माण कर लावून सुमारे ६४ हजार सदनिका बांधल्या. आज त्या नगराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरे आहेत. परंतु व्हिएन्नाने मुख्यतः घरे बांधली, आणि एकदा बांधलेली विकली नाहीत.

बर्लिनने उलटे केले. २००४ मध्ये त्या शहराने आपल्या एका गृहनिर्माण कंपनीच्या सुमारे ६५ हजार सदनिका ४० कोटी ५० लाख युरो आणि कर्जाचा भार एवढ्यावर खाजगी गुंतवणूकदारांना विकल्या. पुढे भाडी वाढली, लोक संतापले. २०२१ मध्ये सुमारे १४ हजार ७५० सदनिका घेण्यासाठी त्याच शहरावर २४६ कोटी युरो खर्चण्याची वेळ आली. ही सगळी घरे तीच होती असे नाही, पण स्वस्तात विकून महागात घेण्याचा हा व्यवहार विचार करायला लावणारा आहे. बर्लिनच्या काही वस्त्यांत इमारत विक्रीला निघाली की ती प्रथम घेण्याचा हक्क पालिकेला असे. भाडेकरूंना संरक्षण देण्याचे ते एक साधन होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने त्या हक्कालाही मोठी मर्यादा घातली.

व्हिएन्ना आणि बर्लिन ही श्रीमंत शहरे आहेत. आपल्या महापालिकांना कर्मचाऱ्यांचे पगार, पाणीपुरवठा आणि रस्ते यांची तोंडमिळवणी करताना धाप लागते. शेकडो वाडे विकत घेऊन त्यांचे भाडे वसूल करणारी आणि त्यांची कौले शाकारणारी महापालिका ही कल्पनाच अव्यवहार्य आहे. शिवाय ज्याच्या हाती घराची किल्ली, त्याच्या हाती मतही, हा धोका निराळाच. वशिल्याने बिऱ्हाडे बसू आणि उठू लागली, तर जुना घरमालक बरा म्हणण्याची पाळी येईल.

मालकी कोणाची, दायित्व कोणाचे

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. माणसाच्या किमान गरजा भागल्याच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता आणि निवारा ही त्यांतली एक. पण त्यासाठी सारी सत्ता आणि सारी संपत्ती राज्याच्या हाती एकवटावी, हे त्यांना मान्य नव्हते. भांडवलशाहीत माणूस बाजाराचा दास होतो आणि साम्यवादात राज्ययंत्राचा. राज्य ही समाजाच्या अनेक संस्थांपैकी एक संस्था आहे. कुटुंब, शेजार, व्यवसायबंधू, सहकारी संस्था यांचे आपापले स्थान आहे. त्यांच्या आवाक्याबाहेरचे काम राज्याने करावे, आवाक्यातले हिसकावून घेऊ नये.

वऱ्हाडच्या मातीने या विचाराचे प्रत्यक्ष उदाहरण घालून दिले आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः फकिरी वृत्तीने राहून त्यांनी हजारोंच्या डोक्यावर छप्पर घातले. त्या वास्तू ना सरकारच्या होत्या, ना बाबांच्या घराण्याच्या. त्या समाजाच्या होत्या आणि विश्वस्त त्यांची निगा राखत. मालकी आणि विश्वस्तवृत्ती यांतला फरक त्यांनी झाडू हातात घेऊन शिकवला.

वऱ्हाडात काय करता येईल

म्हणून मध्यममार्ग असा दिसतो की, महापालिकेने प्रसंगी घर विकत घ्यावे, पण मालक होऊन बसू नये.

याची पहिली पायरी कागदाची आहे, आणि ती बिनखर्चाची आहे. धोकादायक इमारतीतील माणूस नोटीस मिळूनही बाहेर का पडत नाही? कारण ताबा हाच त्याचा एकमेव पुरावा असतो. एकदा बाहेर पडलो की हक्क गेला, ही त्याची भीती असते. वस्तुतः इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस देतानाच कोणाच्या ताब्यात किती चौरस फूट जागा आहे, याची मोजणी करून प्रत्येक कुटुंबाला तसा दाखला हातात द्यावा. तो कागद मिळाला तर पुष्कळ कुटुंबे पावसाळ्यापूर्वी स्वतःहून बाहेर पडतील. त्या एका कागदाने माणसांचे प्राण वाचू शकतात.

दुसरी पायरी संधीच्या क्रमाची. मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींसाठी राज्याच्या कायद्यात झालेल्या आणि २०२२ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीने एक चांगला क्रम घालून दिला आहे. पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी आधी मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने आणि दोघेही पुढे आले नाहीत तरच म्हाडाने संपादन. हा क्रम मुंबईपुरता आहे. तसाच क्रम विदर्भातील महापालिकांसाठीही असावा, अशी मागणी लोकप्रतिनिधींकडे झाली पाहिजे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने जीर्ण इमारतींच्या पुनर्विकासासाठी वाढीव चटईक्षेत्र दिले आहे, हे खरे. पण मुंबईत जमिनीच्या भावामुळे विकासक धावत येतो. बुधवाऱ्यातील अरुंद गल्लीत, लहानशा जागेवरच्या आणि वारसांची नावे सातबाऱ्यासारखी लांबत गेलेल्या वाड्याकडे तो फिरकत नाही. बाजार जेथे येत नाही, तेथेच समाजाने आणि शासनाने पुढे व्हायचे असते.

तिसरी पायरी खरेदीची. त्याच अधिनियमाच्या कलम ७७ ने महापालिकेला परस्पर संमतीने स्थावर मालमत्ता घेण्याचा मार्ग खुला ठेवला आहे. मालक थकला आहे, वारस परगावी आहेत, रहिवाशांची संस्था तयार आहे, पण एकरकमी पैसा नाही, अशा मोजक्या ठिकाणी महापालिकेने रास्त बाजारमूल्य देऊन वास्तू घ्यावी आणि ठरावीक मुदतीत ती रहिवाशांच्या सहकारी संस्थेला हप्त्यांनी हस्तांतरित करावी. आलेल्या हप्त्यांतून पुढचा वाडा घ्यावा. निधी फिरता राहील, महापालिका सावकारही होणार नाही आणि जमीनदारही. मालकाला योग्य मोबदला आणि रहिवाशाला योग्य मुदत, या दोन्हींचा मेळ हा त्याचा प्राण आहे. यांतले एक गळले की दुसरेही टिकत नाही.

चौथी गोष्ट नव्याने येणाऱ्यांची. अमरावतीच्या विद्यापीठात आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकायला येणारे विद्यार्थी, बांधकामावरचे मजूर, रुग्णालयांतील परिचारिका यांना घर विकत नको असते, भाड्यानेच हवे असते. करोनाच्या काळात महानगरांतून पायी निघालेले श्रमिक देशाने पाहिले. त्यानंतर जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. शासकीय निधीतून बांधलेली आणि रिकामी पडून असलेली घरे भाड्याने देणे हा तिचा एक भाग होता. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे. म्हाडाचे अमरावती मंडळ आणि दोन्ही महापालिका यांनी आपल्या क्षेत्रात अशी किती घरे उभी राहू शकतील, याचा आराखडा मांडावा. नवी घरे खरेदी करण्यापेक्षा असलेली कुलपे उघडणे केव्हाही स्वस्त.

शेवटची गोष्ट कायद्यात बसत नाही, पण तीच सर्वांत मोलाची आहे. घरमालक आणि बिऱ्हाडकरू यांच्यात आज वकील उभा आहे. एकाच वाड्यात राहणारी दोन कुटुंबे वीस-वीस वर्षे न्यायालयाच्या तारखांना भेटतात आणि जिन्यात मान फिरवतात. एके काळी याच वाड्यांत बिऱ्हाडकरूच्या मुलीचे लग्न मालकाच्या अंगणात लागत असे. तो काळ जसाच्या तसा परत येणार नाही, हे खरे. पण गावातील दोन वडीलधारे, एक अभियंता आणि एक विधिज्ञ यांनी बसून दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, तर किती तरी वाद तडजोडीने मिटू शकतील. प्रत्येक जुन्या वस्तीत अशी चार माणसे मिळणे अशक्य नाही. पावसाळ्याआधी आपल्या भागातील खचलेल्या वास्तूंची पाहणी करणे, तेथील कुटुंबांना दाखल्याचा अर्ज लिहून देणे, मालकाच्या परगावच्या वारसांना पत्र धाडणे आणि रहिवाशांची संस्था नोंदवायला मदत करणे, ही कामे कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहत नाहीत. ती स्वयंसेवकांची कामे आहेत, आणि सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबांचीही.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, माणसाचे नसते. त्याला जमीन लागते, शेजार लागतो आणि उद्याही आपण येथेच असू असा विश्वास लागतो. तो विश्वास देण्यासाठी मालकाच्या तोंडचा घास काढावा लागत नाही आणि सगळी घरे सरकारच्या नावावर करावी लागत नाहीत. त्यासाठी लागते ते न्यायाचे भान असलेले शासन आणि स्वतःहून पुढे येणारा समाज. प्रभात चौकातील त्या पाच जणांचे ऋण अमरावतीवर आहे. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी एखाद्या तरी खचत्या वाड्यातील मालक आणि बिऱ्हाडकरू यांना एका सतरंजीवर बसवता आले, तर ते ऋण फेडण्याचा आरंभ झाला असे म्हणता येईल.